शिंकेआधीचे दोन-तीन सेकंद: संधिवातात शिंक आणि खोकल्याची कळ कशी सांभाळायची

फोडणीत तिखट पडतं, खमंग धूर वर येतो आणि नाकात हुळहुळायला लागतं. एरवी माणूस शिंकून मोकळा होतो. ज्याला अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे पाठीचा कणा सुजवून आखडवणारा संधिवात आहे, तो मात्र तेवढ्यात श्वास कोंडतो, खांदे कानाशी नेतो, पाठ आक्रसतो, मान खाली घालतो. मग शिंक येते आणि पाठीकडून छातीपर्यंत अशी सणक जाते की काही क्षण पुढचा श्वासही घेववत नाही. दुखू नये म्हणून शरीर आपोआप जे करतं, नेमकं त्यानेच जास्त दुखतं. ही सवय मोडता येते, पण शिंक आल्यावर नव्हे. त्याआधी, दुखत नसताना.

पुढचं सगळं मुख्यतः अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिस आणि त्याच कुळातल्या सोरायटिक संधिवातासाठी आहे. रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात असलेल्यांनाही बहुतेक लागू पडेल. जिथे त्यांची काळजी वेगळी आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

दुखतं कुठे आणि का

बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. पहिल्या १० जोड्यांतली प्रत्येक बरगडी मागे मणक्यांशी दोन ठिकाणी सांध्यांनी जोडलेली असते आणि पुढे कूर्चेमार्फत छातीच्या मधल्या हाडाशी. प्रत्येक श्वासागणिक हे छोटे छोटे सांधे हलतात. या आजारात सूज येते ती अशाच सांध्यांना, आणि स्नायूबंध जिथे हाडाला चिकटतात त्या जागांना. म्हणून कधी पाठीत दुखतं, कधी छातीच्या मधोमध बोट ठेवलं तरी कळ येते.

शिंकेत आणि खोकल्यात तीन गोष्टी पाठोपाठ घडतात. आधी खोल श्वास आत जातो आणि बरगड्या ताणल्या जातात. मग क्षणभर कंठ बंद होतो, पोटाचे आणि छातीचे स्नायू आवळतात, आत दाब साठतो. शेवटी कंठ उघडतो आणि हवा धाडकन बाहेर पडते. सुजलेल्या सांध्यांना पहिल्या टप्प्यात ताण बसतो आणि तिसऱ्या टप्प्यात झटका. त्यात पाठ वाकलेली असेल तर मणक्यांवर वाकण्याचा भार आणि झटका एकदमच येतात. पुढच्या सगळ्या कृतींचा हेतू एवढाच, की पाठ वाकू द्यायची नाही, छातीला बाहेरून आधार द्यायचा, आणि खोकल्यात जमेल तिथे कंठ बंद होऊच द्यायचा नाही.

शिंकेची तालीम

नाक हुळहुळल्यापासून शिंक येईपर्यंत बहुतेकांना दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात विचार करायला वेळ नसतो, म्हणून क्रम अंगवळणी पडलेला हवा.

१. हात टेका. ओटा, टेबल, भिंत, खुर्चीची पाठ, जे जवळ असेल ते. काहीच नसेल तर तळहात मांड्यांवर, गुडघ्यांच्या जरा वर. आमवातामुळे मनगटं दुखत असतील तर तळहातावर भार देऊ नका; कोपरापासून मनगटापर्यंतचा हात ओट्यावर आडवा ठेवा.

२. पाय खांद्यांइतके फाकवा, गुडघे सैल सोडा. पुढे झुकायचंच असेल तर जांघेतून झुका. पाठ फळीसारखी सरळ राहिली पाहिजे.

३. नजर समोर, किंवा किंचित वर. हनुवटी छातीकडे गेली की पाठ तिच्यामागे वाकतेच.

४. खांदे मुद्दाम खाली सोडा. पोट हलकंसं आत घ्या, पँटचं बटण लावताना घेतो तेवढंच. त्याहून आवळलं तर दाब वाढतो.

५. तोंड उघडं ठेवून शिंका. आवाज होईल, होऊ द्या.

नाक चिमटीत धरून आणि तोंड मिटून शिंक दाबणं सगळ्यात वाईट. बाहेर जाणारा दाब आतच अडकतो, छातीला हिसका बसतो, आणि कानाला किंवा घशाला इजा होऊ शकते.

शिंकताना तोंड कोपरात घाला असं सगळीकडे सांगतात. आखडलेली मान आणि खांदे असलेल्यांना ते मानवत नाही. तोंड कोपराशी न्यायचं तर मान वळते, पाठ पिळते आणि त्याच अवस्थेत झटका बसतो. त्यापेक्षा खिशात घडी घातलेला मोठा रुमाल ठेवा. एका हाताने रुमाल तोंडाशी आणि दुसऱ्या हाताने आधार. सर्दी झालेली असेल तेव्हा चार माणसांत मास्क लावा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

आता तालीम. सकाळी गरम पाण्याने अंघोळ झाली की अंग त्यातल्या त्यात मोकळं असतं. ओट्याशी उभं राहून क्रम पाच वेळा करा आणि शेवटी खोटं, हलकं ‘आक् छी’ करा. झोपण्यापूर्वी पुन्हा पाच वेळा. आठवडा-दोन आठवड्यांत हात आपोआप आधार शोधायला लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

शिंक नुसती हुळहुळत असेल, श्वास अजून आत खेचला गेला नसेल, तर नाक आणि वरचा ओठ यांच्या मधल्या खळगीवर बोटाने पाच-दहा सेकंद दाबून पाहा. काहींची शिंक विरते. एकदा श्वास आत गेला की मात्र अडवू नका.

अंथरुणावर उताणं असताना शिंक आली तर झटक्यात उठून बसू नका. कुशीवर वळा, गुडघे थोडे पोटाकडे घ्या, उशी छातीशी दोन्ही हातांनी कवटाळा. खुर्चीत असाल तर पाठ पूर्ण टेकवा, दोन्ही पाऊलं जमिनीवर ठेवा, एक हात मांडीवर. कार चालवताना डोकं आणि पाठ सीटला दाबून धरा, हात स्टिअरिंगवर. शिंकताना डोळे क्षणभर मिटतातच, म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर सोडून चालवायची सवय हवी. दुचाकीवर असाल तर वेग कमी करा, डावीकडे घ्या, पाय टेकवा, मग शिंका. नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीत हे सोपं नाही. म्हणून सर्दीच्या दिवसांत दुचाकी घरीच ठेवलेली बरी.

खोकला: दाबायचा नाही, फुंकरीने काढायचा

दुखतं म्हणून खोकला दाबून धरला की कफ आत साचतो. या आजारात छाती आधीच कमी फुगते, त्यामुळे साचलेल्या कफाचा संसर्ग व्हायला वेळ लागत नाही. कफ असेल तर तो बाहेर आलाच पाहिजे. तो जोराच्या खोकल्याशिवायही काढता येतो. फिजिओथेरपिस्ट याला ‘हफिंग’ म्हणतात. आरशावर किंवा चष्म्याच्या काचेवर वाफ धरवताना आपण उघड्या तोंडाने ‘हाऽऽ’ करतो, तसंच, थोडं जोरात. कंठ उघडा राहतो, दाब साठत नाही, झटका बसत नाही.

बसून करा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, छातीशी घट्ट उशी. फार मऊ उशी दबून जाते. सोफ्याची उशी किंवा घट्ट घडी केलेली चादर चालते. जिथे दुखतं तिथेच ती यायला हवी. पाठीत दुखत असेल तर मागेही टॉवेलची गुंडाळी ठेवा.

आधी अर्धा-एक मिनिट शांत श्वास, पोट हलेल असा, खांदे ढिले. मग तीन-चार वेळा नाकाने हळूहळू खोल श्वास घ्या; कळ सुरू होईल तिथे थांबा, दोन-तीन सेकंद धरा, सोडा. पुन्हा शांत श्वास. आता मध्यम श्वास घेऊन उशी छातीशी दाबत लांब, हळू ‘हाऽऽ’ करा. खोलवरचा कफ याने वर सरकतो. तो घशाजवळ आल्याचं घुरघुरीवरून कळतं. मग मोठा श्वास घेऊन एकच आखूड, जोरदार ‘हा!’. एका वेळी एक किंवा दोनच हफ, आणि त्यानंतर परत शांत श्वास. असं तीन-चार फेऱ्या, साधारण दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. यातलं शांत श्वासाचं पाऊल लोक गाळतात आणि मग चक्कर येते, ठसका लागतो, छाती भरून येते. ते गाळू नका.

कोरडा ठसका वेगळा. त्यात बाहेर काढायला काही नसतं, फक्त घसा चिडलेला असतो. उबळ यायला लागली की तोंड मिटा, आवंढा गिळा, नाकाने छोटे छोटे श्वास घ्या आणि कोमट पाण्याचा घोट घ्या. मधुमेह नसेल तर चमचाभर मध चाटा. उशाशी कोमट पाण्याचा थर्मास असू द्या. हाताची बोटं सुजत असतील तर झाकण आधीच सैल करून ठेवा.

छातीला दिवसभर पट्टा किंवा ओढणी आवळून बांधण्याचा सल्ला घरोघरी मिळतो. बांधल्यावर बरं वाटतं हे खरं, पण श्वास उथळ होतो आणि फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही. आधार फक्त खोकण्यापुरता, उशीचा.

सर्दी-खोकल्याच्या दिवसांतली औषधं

इथे चुका जास्त होतात, आणि त्या औषधाच्या दुकानातच होतात. मेडिकलवाल्याला नुसतं “सर्दीची गोळी द्या” म्हणू नका. आपण रोज काय घेतो ते आधी सांगा.

सर्दीच्या बहुतेक एकत्रित गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतंच. वरून वेगळी पॅरासिटामॉलची गोळी घेतली की मात्रा दुप्पट होते. ६५० मिलिग्रॅमची गोळी मोठ्या माणसाने दोन डोसांत किमान सहा तास ठेवून, २४ तासांत चारपेक्षा जास्त घेऊ नये. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा लेफ्लुनोमाइड चालू असेल, यकृताचा त्रास असेल किंवा दारू घेत असाल, तर आपली मर्यादा डॉक्टरांनाच विचारा. काही गोळ्यांत आयबुप्रोफेन किंवा तत्सम वेदनाशामक मिसळलेलं असतं. तुमची नॅप्रोक्सेन, इटोरिकॉक्सिब किंवा डायक्लोफिनॅक रोज चालू असेल तर त्यावर दुसरं त्याच जातीचं औषध म्हणजे जठर आणि मूत्रपिंड दोन्हींवर मार. सर्दीच्या गोळ्यांतलं नाक मोकळं करणारं फिनाइलएफ्रिन रक्तदाब वाढवू शकतं, आणि वेदनाशामकंही वाढवतात; दाब असलेल्यांनी ते टाळावं.

कोरड्या खोकल्याच्या अनेक सिरपांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल किंवा ड्युलॉक्सेटिन घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. एकत्र घेतल्यास थरथर, घाम, धडधड, बेचैनी असा गंभीर त्रास होऊ शकतो. कोडीनच्या सिरपाने बद्धकोष्ठता होते, मग कुंथताना पाठीत पुन्हा तीच कळ.

संधिवाताचं वेदनाशामक डॉक्टरांनी दिलेल्या वेळेवर, जेवणानंतर घ्या. खोकून खोकून पाठ धरल्यावर गोळी शोधण्यापेक्षा हे फार बरं. स्टेरॉइडची गोळी बरेच दिवस चालू असेल तर आजारपणात ती एकाएकी बंद करायची नाही. मेथोट्रेक्सेट किंवा बायोलॉजिक (प्रतिकारशक्तीतून येणारी सूज दाबणारं) इंजेक्शन चालू असताना ताप आला, तर पुढचा डोस घ्यायचा की थांबवायचा हे फोन करून विचारा. अँटिबायोटिक लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला मेथोट्रेक्सेटबद्दल सांगा, कारण को-ट्रायमोक्सॅझोलसोबत ते रक्तपेशींना घातक ठरू शकतं.

सर्दी नाही, ताप नाही, तरी आठवडेच्या आठवडे कोरडा खोकला आहे? रक्तदाबाची गोळी कोणती आहे ते पाहा. रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांनी असा खोकला येतो आणि गोळी बदलल्यावर जातो. आडवं झाल्यावर वाढणारा खोकला पित्ताचाही असतो, आणि वेदनाशामकांनी पित्त वाढतं.

रात्रीसाठी उशांची चळत लावू नका. मान पुढे ढकलली जाते आणि सकाळी ताठरपणा दुप्पट होतो. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा घाला, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर उंची मिळते. पाठ सरळ राहून अख्खं अंग तिरपं होतं, नाकातलं पाणी घशात साचत नाही आणि पित्तही वर येत नाही. पलंग हलत नाही ना, हे आधी दाबून बघा.

दुखऱ्या जागी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५ ते २० मिनिटं ठेवा. वर बाम चोळलेला असेल तर शेक नको, कातडी भाजते.

नागपूरच्या घरातली कारणं

शिंका कमी झाल्या तर कळाही कमी होतील. आपल्याकडे वर्षाचं वेळापत्रक जवळजवळ ठरलेलं आहे.

उन्हाळा लागताना वर्षाचं तिखट होतं. कळमन्याच्या बाजारातून किंवा इतवारीतून आणलेली मिरची वाळवायची, देठ खुडायचे, कांडपावर न्यायची. संधिवाताच्या माणसाने या कामात बसूच नये. रुमाल बांधूनही मिरचीची पूड नाकात जाते. फोडणीचं मात्र रोजचं आहे. गॅस मंद करून तिखट घालण्याआधी कांदा किंवा टोमॅटो पडू द्या. ओल्या वाटणात पडलेलं तिखट उडत नाही. सावजी रस्सा करायचा असेल तर मसाला पाण्यात कालवून टाका, खिडकी उघडी ठेवा, एक्झॉस्ट आधीपासून सुरू करा.

मग कुलर. माळ्यावरून उतरवलेल्या कुलरच्या ताट्यांत वर्षाची धूळ आणि बुरशी असते, आणि पहिल्यांदा पंखा सुरू केला की ती सगळी खोलीत येते. साफसफाई घरातल्या दुसऱ्या कोणीतरी, बाहेर अंगणात किंवा गच्चीवर करावी. जुनं गवत किंवा वाळा काढण्याआधी पाण्याने पूर्ण भिजवा, म्हणजे धूळ उडत नाही. जुन्या ताट्या वाचवण्याचा मोह नको, नव्या लावा. टाकी घासून धुवा, आधी फक्त पंप चालवून ताट्या भिजू द्या, ते पाणी काढून टाका, ताजं पाणी भरा, मगच पंखा लावा. पुढे दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. कुलर खिडकीबाहेर हवा, समोरची खिडकी थोडी उघडी हवी, आणि झोत थेट छातीवर किंवा मानेवर येऊ नये.

४५ अंशांच्या उन्हात अंधाऱ्या खोलीतून एकदम बाहेर पडलं की काहींना प्रकाशानेच शिंका येतात. दाराच्या आतच गॉगल लावा.

पावसाळा सरता सरता मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत फुलतं. त्याच दिवसांत दरवर्षी शिंका येत असतील तर ती ॲलर्जी आहे, आणि तिला रोजच्या गोळीपेक्षा नाकातला स्टेरॉइड स्प्रे जास्त उपयोगी पडतो. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन डॉक्टरांच्या सल्ल्याने हंगामाच्या एक-दोन आठवडे आधी सुरू करावा लागतो. एका दिवसात गुण येत नाही. मान थोडी पुढे, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डावीसाठी उजवा, आणि फवारा नाकाच्या मधल्या पडद्याकडे न मारता कानाच्या दिशेने. पडद्यावर मारला तर घोळणा फुटतो. खांदा वर जात नसेल तर कोपर टेबलावर टेकवून फवारा.

नाक धुण्यासाठी ५०० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात पाऊण चहाचा चमचा बारीक मीठ. जलनेतीसाठी मान तिरपी करावी लागते, ती वळत नसेल तर बळजबरी करू नका. तयार सलाइनचा फवारा घ्या.

विडी-सिगारेटने खोकला तर वाढतोच, या आजारात पाठीचा कणाही लवकर आखडतो. खर्ऱ्यातली सुपारीची भुकटी घशात अडकून ठसका लागतो ते वेगळंच.

छाती मोकळी ठेवणं

दोन महिन्यांतून एकदा शिंप्याची टेप घ्या. स्तनाग्रांच्या पातळीवर छातीभोवती टेप धरा. स्त्रियांनी स्तनांच्या जरा खाली, पण दर वेळी त्याच जागी. पूर्ण श्वास सोडून माप घ्या, पूर्ण भरून माप घ्या. निरोगी तरुणात फरक साधारण ५ सेंटिमीटर किंवा जास्त असतो. २.५ सेंटिमीटरच्या खाली आला, किंवा मागच्यापेक्षा कमी होत चालला, तर डॉक्टरांना आकडा दाखवा. औषध पुरेसं चाललंय की नाही हे त्यातून कळायला मदत होते.

रोज दोनदा, खालच्या बरगड्यांभोवती पंचा गुंडाळून टोकं समोर पकडा. श्वास घेताना बरगड्या पंचाला बाजूला ढकलतील असा घ्या, सोडताना पंचा हलका आवळा. दहा वेळा. मग खोलीच्या कोपऱ्यात तोंड करून उभे राहा, दोन्ही भिंतींवर हात टेकवून छाती पुढे न्या, २० ते ३० सेकंद, तीन वेळा. सर्दी झाली तरी पंचाचा व्यायाम सोडू नका, जोर तेवढा कमी करा. फ्लूची लस दरवर्षी आणि न्युमोकोकल लस याबद्दलही विचारून ठेवा. बायोलॉजिक चालू असेल तर जिवंत जंतूंची लस चालत नाही.

थांबायचं नाही अशी लक्षणं

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर क्षयासाठी बेडक्याची तपासणी करा. बायोलॉजिक इंजेक्शन, विशेषतः ॲडालिमुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखं, चालू असेल तर ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं यांची वाटही पाहू नका. शरीरात दबलेला क्षय या औषधांनी उसळू शकतो. नागपूरची मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि इतर सरकारी आरोग्य केंद्रं इथे ही तपासणी आणि उपचार मोफत होतात. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला कोरडा खोकला, ताप आणि नव्याने धाप असं एकत्र झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. फुप्फुसाला औषधाची सूज असू शकते.

छातीवर दाब, घाम, हात किंवा जबड्यात कळ, धाप, खोकल्यातून रक्त यांपैकी काही असेल तर १०८ ला फोन करा. बोटाने दाबल्यावर दुखतं, म्हणजे हृदयाचं नाहीच, असा निष्कर्ष घरी काढू नका. आमवातात हृदयविकाराचा धोका मुळातच जास्त असतो. आमवात जुना असेल आणि शिंकेनंतर मानेतून हातापायांत करंट गेल्यासारखं झालं, हात बधिर झाले, तर मानेच्या वरच्या मणक्यांची तपासणी तातडीने हवी.

स्टेरॉइडने किंवा आजारानेच हाडं ठिसूळ झालेली असतात, तेव्हा नुसत्या खोकल्याने बरगडी मोडू शकते. एका बिंदूवर बोट ठेवलं की कळ आणि प्रत्येक श्वासाला तिथेच टोचणं, ही तिची खूण. आणि मणके एकमेकांना जुळून गेलेली पाठ लहानशा झटक्यानेही मोडू शकते. शिंकेनंतर पाठीत किंवा मानेत नेहमीपेक्षा वेगळं, नवं दुखणं सुरू झालं, पाय लुळे वाटले, लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर चालत जाऊ नका. साध्या एक्स-रेत हा मोड सुटू शकतो, म्हणून सीटी स्कॅनबद्दल विचारा. रुग्णाला उचलणाऱ्यांना आधी सांगा की पाठ जुळलेली आहे. वाकलेली मान आणि पाठ सपाट करायला जाऊ नका. मूळ बाकात जशी असते तशीच ठेवा आणि डोक्याखालची, पाठीखालची पोकळी चादरी-उशांनी भरा. हे एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवा: आजाराचं नाव, चालू औषधं, आणि “पाठ जुळलेली आहे, मान सरळ करू नका.”